निवड आणि प्रारब्ध : ‘स्पोर’मधील समाजविकासाची संरचना

संगणकीय खेळाला संहिता मानावे की नाही, हा वाद आता पुरेसा जुना झाला आहे. त्याहून निकडीचा प्रश्न, अशा संहितेत खेळणाऱ्याला बहाल केलेले कर्तृत्व कितपत खरे असते, हा होय. विल राइट यांच्या संकल्पनेतून मॅक्सिसने घडवलेला आणि २००८ साली आलेला ‘स्पोर’ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे; कारण आपला जीव व आपला समाज आपणच घडवण्याचे स्वातंत्र्य हाच त्याचा घोषित आशय आहे.

पेशी, प्राणी, टोळी, नागरी संस्कृती आणि अंतराळ असे या खेळाचे पाच टप्पे. लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७७ मध्ये मांडलेली वन्यावस्था, रानटी अवस्था व सभ्यता ही चढती श्रेणी मानववंशशास्त्राने केव्हाच टाकून दिली; येथे ती निमूटपणे परत आली आहे. डार्विनच्या निसर्गनिवडीला गंतव्य नाही. ‘स्पोर’मध्ये मात्र अवयव गुण खर्चून विकत घ्यायचे असतात, आणि टोळी बनताच शरीराची उत्क्रांती थांबून केवळ वेशभूषा उरते. उत्क्रांती हे नाव येथे अलंकारापुरतेच आहे.

खरी रचना रंगांत आहे. खेळणाऱ्याच्या वर्तनाची नोंद लाल, हिरव्या व निळ्या रंगांत होत राहते : आक्रमक, मैत्रीपूर्ण आणि संमिश्र. टोळीच्या टप्प्यात शेजारच्या टोळ्यांवर हल्ला करता येतो, किंवा वाद्ये वाजवून त्यांना आपलेसे करता येते. पुढे नागरी टप्प्याच्या उंबरठ्यावर हाच हिशेब समाजाची जात ठरवतो. लाल टोळी लष्करी होते, निळी व्यापारी, आणि हिरवी धार्मिक. मराठी वाचकाला येथे कर्मविपाक आठवणे स्वाभाविक आहे; परंतु कर्मविपाकात निदान प्रायश्चित्ताला जागा असते.

यातील सर्वांत बोलका दुवा हिरव्या रंगाचा. वाद्ये वाजवून मैत्री करणारी टोळी पुढे धर्मप्रसाराची वाहने घेऊन परक्या शहरांना आपल्या पंथात ओढू लागते. लष्करी राष्ट्र शहर जिंकते, व्यापारी ते विकत घेते, धार्मिक त्याचे मतांतर घडवते. साध्य एकच, संपूर्ण ग्रहावर एकछत्री सत्ता. म्हणजे निवड साधनांची आहे, साध्याची नाही. टोळीच राहू इच्छिणाऱ्या समाजाला खेळ हाकलून देत नाही, पुढे जाण्याची कळ दाबणे खेळणाऱ्याच्याच हाती असते; पण जो थांबतो त्याच्यासाठी संहितेत कथानकच शिल्लक नाही. हे मौन बळजबरीपेक्षा अधिक परिणामकारक म्हणावे लागेल.

सिड मायर यांच्या १९९१ सालच्या ‘सिव्हिलायझेशन’शी तुलना केल्यास हा फरक उघड होतो. तो खेळही साम्राज्यवादी दृष्टीपासून मुक्त नाही, हे मान्यच करायला हवे. तरीही त्यात राजेशाहीकडून प्रजासत्ताकाकडे वा लोकशाहीकडे वळता येते. त्यासाठी क्रांती करावी लागते आणि काही काळ अराजक सोसावे लागते. समाजाला आपला निर्णय फिरवता येतो आणि त्याची किंमतही मोजावी लागते, एवढी राजकीय जाण त्या जुन्या, ओबडधोबड चित्रांच्या खेळात आहे. ‘स्पोर’मधील राष्ट्राला नागरी टप्प्यात वेगळा मार्ग सापडतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारचे शहर ताब्यात घेतल्यावर. अंतर्गत मतभेद, बंड वा पश्चात्ताप यांतून त्याच्या स्वभावात बदल होत नाही, कारण त्या समाजात खेळणाऱ्यावाचून दुसरे मत असणारे कोणी नाहीच.