शाळांसाठी चित्रफीत-ग्रंथालय : एका अपूर्ण सेवेची चिकित्सा

शैक्षणिक दूरचित्रवाणीची चर्चा बहुधा कार्यक्रमांच्या निर्मितीभोवती फिरते. तयार झालेला कार्यक्रम शिक्षकाला हवा त्या वेळी वर्गापर्यंत कोणी आणि कसा पोहोचवायचा, हा प्रश्न मात्र दुय्यम मानला गेला. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूची, म्हणजे सेवेच्या व्यवस्थापनाची, चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. महाराष्ट्रातील हा प्रयोग मुख्यतः देवघेवीची व्यवस्था न उभारल्यामुळे फसला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतात या माध्यमाचा मोठा प्रयोग १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या नावाने झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे कार्यक्रम पोहोचले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. शाळकरी मुलांसाठी सकाळी प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटे मिळत. या प्रयोगातील एक गोष्ट पुढे सोयीस्करपणे विसरली गेली : संच बंद पडू नयेत म्हणून दुरुस्ती व देखभालीची स्वतंत्र यंत्रणा तेथे आधीपासून उभारलेली होती. म्हणजे व्यवस्थापन हा प्रयोगाचाच भाग होता.

इन्सॅट पर्वात १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांसाठी मराठीत कार्यक्रम करणे हे तिचे मुख्य काम. ते तिने निष्ठेने केले, हे मान्य केलेच पाहिजे. पण हे कार्यक्रम दूरदर्शनच्या ठरलेल्या वेळीच दिसत. १९८७ नंतरच्या केंद्र पुरस्कृत शैक्षणिक तंत्रविज्ञान योजनेत शाळांना प्रामुख्याने रंगीत दूरचित्रवाणी संच आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर देण्यात आले. प्रक्षेपण ग्रहण करण्याचे साधन शाळेला मिळाले. साठवून ठेवून पुन्हा दाखवण्याच्या साधनाकडे मात्र तितके लक्ष गेले नाही.

याचा अर्थ काय होतो, हे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या दाट वस्तीच्या भागात स्पष्ट दिसते. जेथे एकाच इमारतीत सकाळ व दुपार अशी दोन सत्रे भरतात, तेथे सकाळी लागणारा कार्यक्रम दुपारच्या मुलांपर्यंत पोहोचतच नाही. पाठ्यपुस्तकातला धडा ऑगस्टमध्ये येणार आणि त्यावरचा कार्यक्रम जानेवारीत लागणार, हा दुसरा घोळ. शिवाय प्रक्षेपण थांबवता येत नाही. मुलाने शंका विचारली तर शिक्षकाने उत्तर द्यायचे की पडदा पाहायचा? पेठेतील एका शाळेतला संच प्रस्तुत लेखकाला चांगला आठवतो. तो लाकडी पेटीत बंद असे, किल्ली कार्यालयात असे आणि पेटी उघडे ती क्रिकेटच्या सामन्याला. त्यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. महागडी वस्तू मोडली तर जबाबदारी कोणाची, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

या अडचणींवर उत्तर होते चित्रफितींचे ग्रंथालय. परंतु कपाटात कॅसेट रचल्या म्हणजे ग्रंथालय होत नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील पहिलेच सूत्र संग्रहाच्या वापराविषयीचे आहे. चित्रफितीला ते लावायचे तर इयत्ता, विषय आणि धडा यांनुसार सूची हवी. प्रत्येक फितीचा कालावधी आणि कोणत्या मिनिटाला कोणता भाग येतो याची टिपण हवी. पुस्तक चाळता येते, चित्रफीत चाळता येत नाही. म्हणून ही टिपण नसेल तर अर्ध्या तासाच्या फितीतली हवी ती चार मिनिटे शोधण्यात तास संपतो. मूळ प्रत वेगळी ठेवून देवघेवीसाठी दुसरी प्रत हवी. परत आलेली फीत तपासणारा माणूस हवा. अभ्यासक्रम बदलला की जुनी सामग्री बाजूला काढण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हेही ठरलेले हवे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून ज्या शहरात आहे, तेथे दाखल नोंदवही आणि देवघेव म्हणजे काय हे नव्याने समजावण्याची गरज नव्हती. पाच-सहा शाळांनी मिळून एक संग्रह व एक जबाबदार कर्मचारी ठेवणे अवघड नव्हते. शाळेच्या अंदाजपत्रकात मात्र खरेदीला शीर्ष असते, सांभाळण्याला क्वचितच.

२०१७ मध्ये राज्य शासनाने बालचित्रवाणी बंद केली. तेव्हा हळहळ व्यक्त झाली, पण शाळांच्या दैनंदिन कामात फारसा फरक पडला नाही, आणि हीच या सेवेवरची सर्वांत कठोर टीका आहे. त्याच वर्षी केंद्राचे ‘दीक्षा’ व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका सुरू झाली. वेळेचे बंधन क्यूआर कोडने सोडवले, हे खरे. निवड, टिपण आणि शिक्षकाला सल्ला देणारा माणूस यांची जागा अजूनही रिकामीच आहे. महाविद्यालयांच्या शिक्षणशास्त्र व ग्रंथालयशास्त्र विभागांना येथे काम करता येईल. किमान आपल्या परिसरातील शाळांत कोणत्या फिती उरल्या आहेत, याची यादी तरी करता येईल.

त्या यादीला फार वेळ नाही. चुंबकीय फीत दमट हवेत बुरशी धरते, तिचा थर सुटू लागतो, आणि कोल्हापूरचा पावसाळा सर्वांना परिचित आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच अशा फिती वाचवण्याची शेवटची मुदत २०२५ अशी सांगितली होती. व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन जुलै २०१६ मध्ये थांबले. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणि १९२५ मध्ये मूक ‘सावकारी पाश’ काढला. आज त्यांची नावे अभ्यासक्रमात शिकवतो, दाखवायला प्रत नाही.