बाकांच्या ओळीतून गावाचा इतिहास

गावाचा इतिहास लिहायचा तो कसा, हा प्रश्न मला आमच्या गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे काम अंगावर आले तेव्हा पडायला हवा होता. तेव्हा पडला नाही. मी मळलेल्या वाटेने गेलो. आरंभी ग्रामदैवताची आख्यायिका, मग देवळातला शिलालेख, देसायांचा वाडा, गावाचे नाव काढणारी चार मोठी माणसे आणि शेवटी देणगीदारांची यादी, रकमेच्या उतरत्या क्रमाने. अंक निघाला, हारतुरे झाले. पुढे काही वर्षांनी एका मित्राने रिचर्ड गॉफ या इंग्रज शेतकऱ्याचे ‘द हिस्टरी ऑफ मिडल’ वाचायला दिले आणि आपल्या त्या अंकात गाव कुठेच नव्हते, हे ध्यानात आले.

मिडल हे श्रॉपशायर परगण्यातले खेडे. श्रॉपशायर वेल्सच्या हद्दीला भिडलेला, त्यामुळे वेल्श नावे या पुस्तकात वरचेवर भेटतात. सीमेवरच्या वाचकाला इथेच थोडे घरच्यासारखे वाटते. गॉफचा जन्म 1635 चा, मृत्यू 1723 चा. स्वतःची जमीन असलेला, कायद्याची जाण असलेला हा माणूस. साठी ओलांडल्यावर, 1700 ते 1702 या काळात त्याने हे लेखन केले. ते त्याच्या हयातीत छापले गेले नाही. 1834 मध्ये त्याचा काही भाग आणि 1875 मध्ये समग्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. डेव्हिड हे या इतिहासकाराने संपादित केलेली पेंग्विन आवृत्ती 1981 ची.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिला भाग वाचताना मला माझीच स्मरणिका आठवली. पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या मुलखाच्या, चतुःसीमा, चर्चचे धर्मगुरू, जमीनदारीचे हक्क, लॉर्ड स्ट्रेंज घराण्याचा पडका किल्ला, त्यात राहिलेला हम्फ्री कायनस्टन नावाचा बंडखोर. माहिती चोख, पण असे लेखन त्या काळच्या इतर विद्वानांनीही केले आहे.

दुसऱ्या भागात मात्र गॉफला एक विलक्षण युक्ती सुचली. त्याने चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढला आणि एकेका बाकाशी थांबून, हा कोणत्या घराचा, त्या घरात पूर्वी कोण होते, आज कोण आहे, हे सांगत तो पुढे सरकला. चर्चमधला बाक हा त्या समाजात मानाचा विषय. हक्क घराचा आणि जमिनीचा, माणसाचा नव्हे. घर विकले की बाकही गेला. बड्या शेतकऱ्यांच्या जागा पुढे, झोपडीवाल्यांच्या मागे. म्हणजे माझ्या देणगीदारांच्या यादीसारखीच ही मालमत्तेची उतरंड. पण मी यादी छापून थांबलो, गॉफ प्रत्येक नावापाशी बसला. आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला तरी त्याचा उत्साह ओसरत नाही, हे मला या ग्रंथाचे सर्वांत मोठे यश वाटते.

त्या मागच्या बाकांवरच आपल्याला रीस वेनलॉक भेटतो. भट्टी तापवायला हा लोकांची कुंपणे उपटून नेई. शेवटी कोणीतरी एका काटकीत बंदुकीची दारू ठासून ठेवली. रीसने ती नेमकी उचलून भट्टीत घातली आणि भट्टीचे छप्पर उडाले! पुढच्या बाकांवरच्यांनाही सुटका नाही. बापजाद्यांची जमीन पिऊन संपवणारे, कोर्टकज्जात बुडालेले, लग्नात फसलेले असे अनेक त्यांत आहेत. हे सारे गॉफ पारावर बसून सांगावे तसे सांगतो.

पण हे पुस्तक केवळ गमतीचे नाही. राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध 1642 मध्ये पेटले, तेव्हा मिडलच्या टेकडीवर राजासाठी सैन्यभरती झाली. पगार आठवड्याला चौदा ग्रोट, म्हणजे चार शिलिंग आठ पेन्स. लहानगा गॉफ तो देखावा बघायला गेला होता. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वाड्यांतून वीस माणसे गेली, तेरा मारली गेली. गॉफ त्यांची नावे सांगतो. तीन वाड्यांतून इतके, तर साऱ्या इंग्लंडातून किती हजार, असा हिशेब तो मनाशी करतो. लढायांच्या बखरींत न सापडणारे दुःख या साध्या बेरजेत आहे.

आक्षेप घ्यायला जागा आहे. शेजाऱ्यांची लफडी लिहिताना गॉफच्या लेखणीला चुलीपुढच्या कुजबुजीची चटक दिसते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांची मुलेबाळे त्याच गावात नांदत होती. बायका बहुधा कोणाची तरी लेक किंवा बायको म्हणून येतात, कजाग की सालस असा शेरा घेऊन जातात. बाकांची उतरंड अन्याय्य आहे का, हा प्रश्न तो विचारत नाही. मात्र त्याची माहिती भरवशाची आहे. डेव्हिड हे यांनी 1974 मध्ये मिडलवर स्वतंत्र ग्रंथ लिहून जुन्या दप्तरांशी ती ताडून पाहिली आहे.

आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 चा. गावाची रचना समजून घ्यायला त्याला तोड नाही. पण त्यातला पाटील हा कोणताही पाटील, सुतार हा कोणताही सुतार. आम्हा सीमाभागातल्या मंडळींची तर आणखी एक खोड आहे. 1956 पासून गावाचा इतिहास म्हणजे पुरावा, अशी आम्हाला सवय लागली. शिलालेख कोणत्या भाषेतला, टक्के किती, एवढ्यात गाव आटोपते. पुराव्याची गरज मी नाकारत नाही. पण पुराव्यात माणूस फक्त मोजला जातो.

आमच्या गावात पालखी कोणत्या दारापुढे थांबते, याचा क्रम ठरलेला आहे. मी हल्ली वही घेऊन त्या क्रमाने घरे लिहितो आहे. सात घरे झाली. पालखी जिथे थांबत नाही, ती घरे अजून राहिली आहेत. गॉफ वाचला नसता, तर सातव्या घराशीच वही मिटली असती.