गोदीतला स्फोट आणि सोन्याची गोष्ट

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज फुटले. या घटनेवरचे लेखन वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते: बहुतेकांच्या कथनाचा नायक सोने आहे. जहाजावर ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा होत्या. त्यांतली एक उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्याने ती परत केली. गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे विटा सापडत राहिल्या. हे सारे रंजक आहे. पण त्याखाली मूळ प्रश्न दबतो: सुमारे १,४०० टन स्फोटके भर वस्तीला लागून असलेल्या गोदीत आलीच कशी?

१८८८ साली सुरू झालेली ही गोदी व्यापारासाठी होती. स्फोटकांचे जहाज धक्क्यापासून दूर नांगरायचे, त्यावर लाल बावटा चढवायचा आणि माल पडावांत उतरवायचा, हा शांतताकाळचा शिरस्ता. युद्धाच्या घाईत तो बाजूला पडला. याच जहाजात कराचीला कापसाच्या गासड्याही भरल्या गेल्या होत्या. गोदी व्यापारी, माल लष्करी आणि जोखीम मात्र गोदी कामगारांची व शेजारच्या वस्तीची, अशी ही वाटणी झाली. दुपारी आग दिसली; चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. आग विझवणारे ६६ जवान गेले.

म्हणून ‘अपघात’ हा रूढ शब्द मला अपुरा वाटतो. ठिणगी अपघाताने पडली असेल. दारूगोळा आणि कापूस एका जहाजात भरून ते शहराच्या धक्क्याला लावणे हा निर्णय होता. युद्धकालीन सेन्सॉरने बातमी रोखली, तेव्हा ऐकीव गोष्टींना मोकळे रान मिळाले. सोन्याची गोष्ट सांगायला सोपी होती आणि तिच्यात कोणाला जाब विचारावा लागत नव्हता. पुढच्या लेखकांनी तीच उचलली.

सोन्याच्या विटांचा आकडा नेमका सांगता येतो. मृतांचा मात्र सातशे-आठशेपासून तेराशेपर्यंत कोठेही फिरतो. अग्निशमन सेवा सप्ताहात जवानांचे स्मरण होते, ते उचितच. हमाल आणि पडाववाले कथनाच्या मध्यभागी येतील, तेव्हाच या स्फोटाचा इतिहास लिहिला गेला असे मी मानीन.