परक्षेत्रांतील पांडित्य : शाल यांच्या पत्रसंग्रहावरून एक विचार

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकानें मिशेल शाल या फ्रेंच भूमितिज्ञांची हकीकत एकवार तरी मनांत घोळवावी, असें आम्हांस वाटतें. हे पंडित सामान्य नव्हते. भूमितीच्या इतिहासावरील त्यांचा १८३७ चा ग्रंथ मान्यता पावलेला असून त्यांत ब्रह्मगुप्ताच्या चतुर्भुजविषयक सूत्रांचाहि सविस्तर विचार आहे. तथापि १८६१ पासून सुमारें आठ वर्षांत ल्यूका नांवाच्या एका इसमानें त्यांस सुमारें २७,००० बनावट पत्रें विकून १,४०,००० फ्रँकांच्या घरांत रक्कम उकळली. त्यांत क्लिओपात्राचीं व मेरी मॅग्डलीनचींहि पत्रें होतीं; आणि तीं फ्रेंच भाषेंत, कागदावर लिहिलेलीं!

१८६७ मध्यें शाल यांनीं पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढें पास्कालचीं म्हणून कांहीं पत्रें मांडून, गुरुत्वाकर्षणाच्या शोधाचा मान न्यूटनऐवजीं पास्कालास द्यावा, असा पक्ष धरला. ग्लासगोचे ज्योतिर्विद ग्रँट यांनीं दाखविलें कीं, पत्रांतील ग्रहांच्या वस्तुमानाचे आंकडे न्यूटनच्या प्रिन्सिपियाच्या १७२६ च्या आवृत्तीशीं जुळतात. पास्काल तर १६६२ मध्येंच वारला होता. परंतु आक्षेप निघाला कीं त्याचें निरसन करणारें नवें पत्र ल्यूका आणून देई, व शाल तें पुराव्यादाखल पुढें करीत. इतकीं विविध पत्रें एका माणसास बनवितां येणें शक्य नाहीं, अशी त्यांची समजूत होती.

आमच्या मतें चुकीचें मूळ येथें आहे. भूमितींत दिलेली गोष्ट दिली म्हणूनच खरी धरावयाची असते. जुन्या कागदाच्या बाबतींत नेमकी तीच आधीं तपासावयाची असते. एका शास्त्रांत मुरलेली संवय दुसऱ्या शास्त्रांत न कळत शिरली. स्थालीपुलाकन्यायानें एकच शीत चेपून पाहिलें असतें तरी पुरे होतें. शाल भाताचें माप मोजीत बसले. १८६९ मध्यें त्यांनीं फसगत कबूल केली व १८७० मध्यें ल्यूकास दोन वर्षांची कैद झाली.

त्यांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. संस्कृताच्या बळावर आम्हीं एकदां एका मोडी पत्राचा शुहूर सन ठरविला, तो ‘सलास’ म्हणजे तीन व ‘सलासीन’ म्हणजे तीस हा भेद न ओळखतां. ज्यांस संस्कृताचा गंधहि नव्हता अशा एका वृद्ध कारकुनांनीं ती चूक पाहतांक्षणींच दाखविली. आम्हीं मात्र तीन दिवस वाद घातला. व्याकरण आम्हांस येत होतें. परंतु प्रश्न व्याकरणाचा नव्हता.

म्हणून संग्राहकांस आमची इतकीच विनंती आहे. कागद, वळण व मिति यांचे जाणकार निरनिराळे असतात; त्यांस दाखविल्यावांचून पत्र छापण्यास देऊं नये. आणि आक्षेपाचें उत्तर, ज्याच्याकडून कागद आला त्याच्याचकडून येत असेल, तर तें उत्तर पुरावा समजूं नये.