पुसून स्वच्छ केलेले आकाश

हर्शेल या अवकाशदुर्बिणीने टिपलेले रोझेट तेजोमेघाचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. निळसर पोकळी, भोवती तांबूस धुळीचे ढग आणि त्यांत जन्मणाऱ्या ताऱ्यांचे ठिपके. अशा चित्राखाली बहुधा एकच ओळ छापलेली असते : ‘अवरक्त दुर्बिणीला दिसलेले दृश्य’. शिक्षकही वर्गात हेच वाक्य सांगतात. आमचा आक्षेप या वाक्याला आहे.

रंग खरे नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि ती आमची नाही. ७० मायक्रॉनच्या प्रारणाला निळा, १६० ला हिरवा आणि २५० ला लाल रंग द्यायचा, हा केवळ संकेत आहे. नकाशात समुद्र निळा रंगवतो तसाच. आम्हाला खटकते ते वेगळेच. दुर्बीण आणि चित्र यांच्यामध्ये एक आज्ञावली उभी असते. ती ठरवते की काय आकाशाचे आणि काय दुर्बिणीचे. तिचे नावही चित्राखाली नसते आणि तिने काय पुसले तेही नसते.

पुसावे का लागते, हे आधी पाहू. २८९८ या संख्येला केल्विनमधील तापमानाने भागले की पदार्थ कोणत्या तरंगलांबीला सर्वांत तेजस्वी असतो ते मायक्रॉनमध्ये मिळते. आपले शरीर, वर्गातला फळा, बाहेरची झाडे ही सारी ३०० केल्विनच्या आसपास असल्याने दहाएक मायक्रॉनला चमकतात. तारे जन्मतात ती धूळ ३० केल्विनची धरली तर उत्तर येते ९७ मायक्रॉन. हर्शेलचा साडेतीन मीटरचा आरसा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहूनही सुमारे ८५ केल्विनचा होता. म्हणजे धुळीचा मंद उजेड पाहायला निघालेली दुर्बीण स्वतःच त्या उजेडात झगमगत होती! शोधकांपर्यंत पोचणाऱ्या प्रारणात आकाशाचा वाटा थोडा आणि आरशाचा फार. त्यातून शोधकांचे वाचनही सावकाश वर-खाली सरकत राहते. उमरगा-लोहारा भागातल्या शिक्षकांना हे समजायला जड जाऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा अनुभव त्यांच्या गाठी आहे. भूकंपमापकाच्या नोंदीत महामार्गावरच्या मालमोटारींची थरथरही उमटते आणि ती गाळल्याशिवाय जमिनीचे म्हणणे ऐकू येत नाही.

उमरग्याचे नाव घेण्याला आणखी एक कारण आहे. सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे आणि या रस्त्याच्या टोकाला, हैदराबादला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र आहे. तिथून सोडलेले महाकाय फुगे विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास वाहत जातात. त्यांची उपकरणे हवाई छत्रीने खाली उतरतात. सापडल्यास हात न लावता पोलिसांना कळवा, अशा सूचना केंद्र प्रसिद्ध करते. उमरगा त्या रेषेच्या अगदी जवळ आहे. याच केंद्रातून संस्थेने आपली १०० सेंटिमीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण फुग्याला टांगून सुमारे तीस किलोमीटर उंचीवर अनेकदा पाठवली. तेवढ्या उंचीवर पाण्याची वाफ जवळजवळ उरत नाही आणि दीडशे-दोनशे मायक्रॉनचे प्रारण दुर्बिणीपर्यंत पोचते.

या दुर्बिणीचा आरसा थंड केलेला नव्हता, त्यामुळे तिची अडचण हर्शेलपेक्षा मोठी. त्यावरचा उपाय साधा आणि धीट होता. दुय्यम आरसा सेकंदाला दहा वेळा डोलवायचा, आकाशातल्या सुमारे चार कलांच्या अंतरावरच्या दोन जागा आळीपाळीने पाहायच्या आणि फक्त त्यांच्यातला फरक नोंदवायचा. (साठ कला म्हणजे एक अंश. पूर्ण चंद्र सुमारे तीस कलांचा.) दोन्ही जागांत सारखा असलेला आरशाचा उजेड वजा होतो. मात्र आकाशातच दूरवर सारखा पसरलेला उजेड असेल तर तोही त्याबरोबर जातो. मग फरकांच्या नोंदींवरून मूळ चित्र उभे करायचे. एकाच नोंदीशी जुळणारी चित्रे अनेक असू शकतात. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांसाठी महत्तम एन्ट्रॉपी पद्धत वापरली : नोंदींशी जुळणाऱ्या चित्रांपैकी ज्यात कमीत कमी अनावश्यक नक्षी आहे ते निवडा. या पद्धतीने सुमारे एका कलेपर्यंतचा तपशील मिळाला. पण तो चित्रभर सारखा नसतो. तेजस्वी भाग रेखीव होतात, मंद भाग धूसर राहतात. म्हणूनच आपले नकाशे १९८३ च्या आयरास उपग्रहाच्या, अमेरिकेत पुन्हा संस्कारित केलेल्या नकाशांशेजारी मांडून तपासण्याची या मंडळींची रीत आम्हाला फार मोलाची वाटते. दोन वेगळ्या दुर्बिणी, दोन वेगळ्या आज्ञावली, आणि ढग त्याच जागी!

आता हर्शेलकडे येऊ. १४ मे २००९ रोजी ती सोडली गेली आणि २९ एप्रिल २०१३ रोजी तिच्यातला द्रवरूप हेलियम संपला. तिच्या नोंदींवर संस्कार करणाऱ्या आज्ञावलीचे नाव हाइप. ७० ते १६० मायक्रॉनच्या नकाशांसाठी तिच्यात एक गाळणी होती, सरकत्या मध्यकाची. ती काय करते हे फळ्यावर पाच मिनिटांत दाखवता येते आणि नववी-दहावीच्या मुलांना मध्यक येतोच.

समजा, दुर्बीण एका रेषेत सरकत गेली आणि शोधकाची वाचने अशी आली : २०, २१, २२, ३८, २४, २५, २६. वाचन हळूहळू वाढते आहे, तो शोधकाचा दोष. मध्येच ३८ आहे, तो तारा. दोष नसता तर तिथे २३ नव्हे, २० असते, आणि तारा त्यावर १५ ने उंच आहे. आता प्रत्येक वाचनातून ते स्वतः आणि दोन्ही बाजूंची दोन-दोन अशा पाच वाचनांचा मध्यक वजा करा. मधल्या तीन जागी उत्तरे येतात ०, १४, उणे १. वाढ नाहीशी झाली, तारा उरला. तो १५ चा १४ झाला आणि शेजारी एक छोटा खड्डा पडला, तरी काम छान झाले असेच कोणीही म्हणेल.

आता तीच गाळणी रुंद तेजोमेघाला लावू. शोधक या वेळी निर्दोष धरू. वाचने : २०, २२, २५, २८, ३०, ३०, ३०, २८, २५, २२, २०. मधल्या सातही जागांचे मध्यक मुलांनाच काढू द्या. वजाबाकी करा. सातही उत्तरे शून्य! अख्खा तेजोमेघ गेला, आणि चित्रात त्याचा डागही नाही. चित्र उलट अधिक स्वच्छ दिसते.

हाइपवर आमचा मुख्य आरोप हाच आहे. गाळणीची रुंदी वापरणाऱ्याने ठरवायची असते. रुंदी वाढवली की तेजोमेघ वाचतो, पण शोधकाचा दोषही वाचतो. तेजस्वी भागांवर आधी झाकण घालून त्यांना गाळणीतून वगळण्याची सोय होती, पण झाकण कुठे घालायचे हे कळायला तिथे काय आहे ते आधीच माहीत हवे. तारे मोजणाऱ्याला ही गाळणी उत्तम. धुळीचे वजन काढू पाहणाऱ्याला ती फसवी, कारण पुसलेली धूळ वजनात येत नाही. आणि तयार नकाशाकडे नुसते पाहून तो कोणासाठी बनवला आहे हे समजत नाही.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हाइपने कच्च्या नोंदी लपवल्या नाहीत. शून्याव्या पायरीपासून अडीचाव्या पायरीपर्यंत (हो, पायऱ्यांना असे अर्धे आकडे आहेत!) सर्व टप्पे संग्रहात विनामूल्य खुले आहेत आणि प्रत्येक नकाशासोबत कोणते संस्कार झाले त्याची नोंद असते. त्यामुळेच बाहेरच्या गटांना दुसरे मार्ग काढता आले. स्कॅनॅमॉर्फॉस आणि युनिमॅप ही त्यांतली दोन नावे. त्यांची युक्ती शेतकऱ्याला लगेच पटेल : उभी-आडवी पाळी. आकाशाचा तोच तुकडा एकदा उभा आणि एकदा आडवा पिंजून काढायचा. तेजोमेघ दोन्ही वेळा त्याच जागी असतो, शोधकाचा दोष मात्र वेळेबरोबर बदलतो. जे दोन्हींत जुळते ते आकाशाचे. २०१३ साली या सर्व पद्धती शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या गेल्या आणि अंतिम संग्रहात गाळणीच्या नकाशासोबत इतर पद्धतींचे नकाशेही ठेवले गेले. स्वतःच्या आज्ञावलीच्या उत्पादनाशेजारी तिच्यावरची टीका ठेवण्याचा हा मोठेपणा आहे.

बाकी तक्रारी किरकोळ. हाइप जड आहे, शाळेतल्या संगणकाला ती पेलत नाही. तिचे मार्गदर्शक ग्रंथ जाडजूड आणि इंग्रजीत आहेत. पंधरावी आवृत्ती शेवटची ठरल्याने नव्या संगणकांवर ती चालवणे दिवसेंदिवस अवघडच होणार. पुण्याच्या आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून केलेली व्हीओप्लॉट ही आज्ञावली त्या मानाने हलकीफुलकी होती. पण ती ताऱ्यांच्या तयार कोष्टकांवरून आलेख काढणारी. कोष्टकात येण्याआधी काय गळले, हा प्रश्न तिच्या कक्षेतला नव्हे.

तेव्हा रोझेटचे चित्र भिंतीवर जरूर लावा. त्याखालची ओळ मात्र बदलून, दुर्बिणीच्या नावापुढे संस्काराचे नाव आणि नकाशाची पायरी लिहा. आणि त्याशेजारी एका कागदावर त्या अकरा संख्या व सात शून्ये मुलांच्या अक्षरात लावा.