आठ वाजले, पण कोणत्या घड्याळात? : घरगुती वेधनोंदींतील कालोल्लेखाची चिकित्सा

हवामानाच्या नोंदवहीकडे भाषेचा एक प्रकार म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे नाही. वस्तुतः अशा वहीतील प्रत्येक ओळ हे एक पूर्ण विधान असते : अमुक स्थळी, अमुक वेळी, अमुक इतके. यांपैकी परिमाणाची काळजी सर्वच घेतात. कालवाचक पद मात्र गृहीत धरले जाते. गच्चीवर पर्जन्यमापक व वातदर्शक बसवून नित्य नोंदी ठेवणारे हौशी निरीक्षक आता मुंबईच्या उपनगरांत बरेच आढळतात. त्यांच्या नोंदींचे खरे वैगुण्य उपकरणांत नसून या कालवाचक पदात आहे, असे परीक्षणान्ती म्हणावे लागते.

'सकाळी आठ' हे पद वरवर पाहता निःसंदिग्ध वाटते. मुंबईचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. १ जानेवारी १९०६ रोजी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. तथापि मुंबई शहराने तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली स्थानिक वेळ सहजासहजी सोडली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांपर्यंत ती शहरात तग धरून होती. त्यातच १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धकारणास्तव देशातील घड्याळे एक तास पुढे होती. म्हणजे एकाच क्षणाला मुंबईच्या वेळेने आठ, प्रमाणवेळेने आठ एकोणचाळीस आणि युद्धकालीन वेळेने नऊ एकोणचाळीस अशी तीन नावे होती. त्या काळातील एखाद्या खासगी टिपणात नुसते 'आठ वाजता' असे आढळले, तर आजच्या अभ्यासकास त्याचा अर्थ लावता येत नाही. तापमानाचा आकडा अचूक असूनही ते विधान मुके ठरते.

ही केवळ जुन्या काळाची अडचण असती, तर तिचा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु माहुलसारख्या ठिकाणी ती आजही अंगाशी येते. पूर्वेस ठाण्याची खाडी, शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने व रसायनांच्या टाक्या आणि मध्ये कोळीवाडा व दाट वस्ती, अशी या गावाची स्थिती आहे. माहुल व आंबापाडा येथील हवेच्या प्रदूषणाविषयीच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये निर्णय दिला. अशा वादात 'वास कधी आला' आणि 'त्या वेळी वारा कोठून होता' ही दोन विधाने एकमेकांशी जुळवावी लागतात. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री व सकाळी जमिनीवरचा वारा असतो. दिवस चढल्यावर समुद्रावरचा वारा सुरू होतो, आणि हा पालट पुष्कळदा थोडक्या वेळात घडतो. नेमक्या त्या सुमारास घड्याळ वीस मिनिटे चुकले, तर पूर्वेच्या वाऱ्याची तक्रार पश्चिमेच्या वाऱ्यावर जाऊन पडते. रहिवाशाचा अनुभव खरा असतो आणि वातदर्शकही खरा असतो. तरी दोहोंची सांगड खोटी ठरते, आणि प्रतिपक्षाला तेवढे पुरते.

दुसरी संदिग्धता तासाची नसून दिवसाची आहे. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, तर दिनदर्शिकेतली तारीख मध्यरात्री. 'सोमवारी रात्री एक वाजता' हा मराठी प्रयोग म्हणूनच दोन भिन्न तारखांना लागू पडतो. हवामानखात्याचा पर्जन्यदिन तर सकाळी साडेआठला संपतो, कारण त्या वेळी ग्रिनिचला तीन वाजलेले असतात. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस लोकस्मृतीत २६ जुलै २००५ या तारखेला चिकटला आहे. पण तो आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला पुऱ्या झालेल्या चोवीस तासांचा आहे. घरगुती यंत्र मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत बेरीज करते. ही दोन कोष्टके शेजारी ठेवून 'सरकारी आकडा चुकला' असा निष्कर्ष काढणारा टीकाकार वास्तविक दोन निराळ्या दिवसांची तुलना करीत असतो.

यंत्रांचे दोषही जाणून घेतले पाहिजेत. दशलक्षामागे वीस इतकी चूक असलेले स्फटिकी घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला सुमारे साडेदहा मिनिटे ढळते. परदेशी बनावटीच्या काही यंत्रांत जर्मनीतील वा अमेरिकेतील रेडिओ-संकेतावरून वेळ जुळविण्याची सोय असते. ते संकेत मुंबईस पोहोचत नाहीत. काहींत उन्हाळी वेळेचा आपोआप बदल आरंभापासून चालू ठेवलेला असतो. आपल्याकडे असा बदल नाही. पण ती सोय बंद केली नाही, तर वसंतात नोंदवहीतून एक तास नाहीसा होतो आणि शरदात एकच तास दोनदा येतो. दोनदा आलेल्या त्या तासातील पाऊस पहिला की दुसरा, हे मागाहून कोणासही सांगता येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक कोष्टकाच्या शिरोभागी 'भारतीय प्रमाणवेळ' वा 'जागतिक वेळ' असे स्पष्ट लिहावे आणि मध्येच ती बदलू नये. पर्जन्यदिन केव्हा संपतो, तेही नमूद करावे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी यंत्र महाजालावरून जुळवून घ्यावे. तशी सोय नसल्यास दर आठवड्यास घड्याळ ताडून पाहावे. सर्वांत महत्त्वाचे असे की घड्याळ चुकलेले आढळल्यास मागच्या नोंदी खोडू नयेत. मूळ आकडा तसाच ठेवून 'इतकी मिनिटे मागे होते, अमुक दिवशी सुधारले' अशी टीप जोडावी. पाठचिकित्सेत हस्तलिखितातील मूळ पाठ राखून दुरुस्ती समासात दाखवितात, त्यातलाच हा विवेक आहे.

माहुलच्या कोळ्याला होडी लोटण्यासाठी घड्याळाची गरज पूर्वी नव्हती. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे तो तिथीवरून जाणतो. उधाण कोणते आणि भांग कोणती, हे त्याच्या भाषेतच ठरलेले आहे. त्याच्या कालगणनेचा संदर्भ चंद्र होता, आणि तो ऐकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होता. आजच्या नोंदवहीची उणीव हीच की तिने जुना संदर्भ सोडला आणि नव्याचे नाव लिहिले नाही. ते एक नाव लिहिले गेले, तर गच्चीवरची साधी वहीदेखील पुरावा म्हणून उभी राहू शकेल.