वाटी, चमचा आणि दारावरची बेल

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि नवशिक्यांची मोठीच सोय झाली. वजनकाट्याऐवजी घरातली वाटी आणि चमचा! 'अंदाजाने घाल गं' म्हणणाऱ्या आत्याबाईंपेक्षा हे पुस्तक केव्हाही दयाळू. माझी तक्रार एवढीच, की पाककृतीत एका वेळी एकच पदार्थ शिजतो. घरात चार शिजतात.

आमच्या कोल्हापुरातला रविवार घ्या. तांबडा रस्सा उतरवून झाकलेला, गॅसवर एकीकडे पांढरा, दुसरीकडे भाकरीचा तवा. नारळाचे दूध घातल्यावर पांढरा रस्सा खळाखळा उकळू द्यायचा नाही, नाहीतर फुटतो. हे मला तोंडपाठ आहे. पण नेमकी तेव्हाच बेल वाजली, भाकरी करपली आणि आमच्या ह्यांनी आतून विचारले, "माझा चष्मा कुठाय?"

चष्मा सापडला. रस्सा फुटला. वर जेवताना हेच म्हणाले, "आज लक्ष नव्हतं वाटतं तुझं?"

लक्ष होते हो, चार ठिकाणी होते! म्हणून पाकपुस्तके काढणाऱ्यांना माझी सूचना : साहित्याच्या यादीत सर्वांत वर छापा, 'स्वतःचा चष्मा स्वतः शोधणारा नवरा, एक नग.'